रिकाम्या डब्यातला रानपिंगळा

आमच्या वरच्यांइतका शांत माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये सापडायचा नाही, आणि आमच्या वरच्यांइतका गोंगाट करणारा माणूसही सापडायचा नाही. हे दोन्ही एकच गृहस्थ. आम्ही आयंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा ते चौथ्या मजल्यावर आधीपासून होते, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव ‘वरचे’. पुढे आसपासची सगळी मराठी घरं त्यांना वरचेच म्हणू लागली, ज्यांच्या डोक्यावर फक्त कौलं होती तीसुद्धा. चिप बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यात केसाहूनही बारीक रेघा मोजायचं त्यांचं काम. बोलणंही तितकंच मोजून. लिफ्टमध्ये भेटले तर तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत फक्त हसायचे. पण रविवारी सकाळी दहा वाजले की आमच्या छतातून आवाज यायचा, ‘ऊ-ऊव! ऊ-ऊव!’ मग जरासा थांबा, आणि घशातून ओढून काढलेलं एक ‘क्वाऽक’. पहिल्या रविवारी माझा नवरा चहाचा कप हातात तसाच धरून वर बघत राहिला आणि म्हणाला, “अगं, त्यांना उलट्या होतायत बहुतेक.” मी आलं-लिंबू घेऊन धावत वर गेले. दार उघडून वरचे कमालीच्या संकोचानं म्हणाले, “नाही जी वहिनी, तब्येत चांगली आहे. रानपिंगळ्याची प्रॅक्टिस करत होतो.”

रानपिंगळा हे वीतभर उंचीचं एक घुबड असतं, एवढं ज्ञान मला त्या दिवशी उंबरठ्यावरच मिळालं. घुबड हा शब्द मात्र वरच्यांसमोर उच्चारायची सोय नव्हती. “घुबड काय म्हणता जी? माणसाला कोणी ‘ए सस्तन प्राणी’ म्हणून हाक मारते काय?” एरवी त्यांची भाषा आमच्यासारखीच, निम्मी मराठी आणि निम्मी ऑफिसची. पण रानपिंगळ्याचा विषय निघाला की आतला वऱ्हाडी माणूस बाहेर यायचा. त्यांचं गाव परतवाड्याच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याशी. लहानपणी गुरांमागे गेलेले असताना गावामागच्या सागाच्या रानात, भर दुपारी, निष्पर्ण फांदीवर बसलेला हा पक्षी त्यांनी पाहिला. बाकीची घुबडं दिवसा झोपतात, हा दिवसाढवळ्या हिंडतो. तो त्यांच्याकडे डोळे वटारून बघत शेपटी डावी-उजवीकडे झटकत होता. पुढे शाळेच्या ग्रंथालयात त्याचा शोध घेतला, तर पुस्तकात लिहिलेलं की हा पक्षी शंभर वर्षांत कुणाला दिसलेला नाही, बहुधा संपला. नंतर बऱ्याच वर्षांनी तो सातपुड्यात पुन्हा सापडला आणि जाणकार मंडळींनी आनंदोत्सव केला. वरच्यांना त्या उत्सवाचा आनंद झाला आणि थोडा रागही आला. “पुस्तकात मेलेला पक्षी आमच्या गावामागे बसून मला शेपटी हलवून दाखवत होता. मले कोणी विचारलं असतं तर सांगितलं नसतं काय?”

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि समोरच्या भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटीत रानपिंगळा. सोफ्यावर कुठेही बसा, त्याची नजर चुकत नसे. त्याच्याखाली बसून चकली मोडायचीसुद्धा मला चोरी वाटायची. शनिवारी ते सायकलवर शिडी बांधून आसपासच्या शेतांवर जात. इथेही रानपिंगळ्याचा एक लांबचा चुलतभाऊ असतो, स्टेनाउल नावाचा. त्याचंही जुन्या फळबागा तोडल्यामुळे हाल झालेले. त्याच्यासाठी लाकडी पेट्या बांधणाऱ्या डच आजोबांच्या टोळीत आमचे वरचे एकुलते एक काळ्या केसांचे. एकदा मला सोबत नेलं. एका शेतकऱ्यानं बांधावरचं पोकळ, वाकडं, कशाच्याही कामाचं नसलेलं विलोचं झाड एवढ्यासाठी ठेवलं होतं की त्याच्या ढोलीत स्टेनाउलचं घर होतं. ट्रॅक्टर दरवेळी वळसा घालून न्यायचा. वरच्यांनी त्या झाडावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग शेतकऱ्याला डचमध्ये तीनदा थँक यू म्हणाले. त्यानं खांदे उडवले आणि आम्हाला कॉफी दिली, कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्किट, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

या माणसाचं लग्न व्हावं म्हणून आम्ही काय काय केलं! रॉटरडॅमला एक चांगलं स्थळ होतं. मुलगी बंदरातल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं मोकळी. आम्ही नवराबायको वरच्यांना इस्त्रीच्या शर्टात घालून घेऊन गेलो. पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी विचारलं, “घर सांभाळण्याबद्दल तुमचे विचार काय?” वरच्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटला असावा. ते खुलले. मादी ढोलीत अंड्यांवर बसते तेव्हा नर बाहेरची सगळी जबाबदारी घेतो, स्वतः उपाशी राहील पण तिला वेळेवर सरडा आणून देईल, कधीकधी उंदीर, असं त्यांनी अगदी मन लावून सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं ते स्वतःबद्दलच बोलत होते. परत येताना गाडीत माझा नवरा म्हणाला, “सरड्यापर्यंत ठीक होतं हो.” मुलीकडून नकार आला, पण पुढच्या दिवाळीला तिच्याकडून वरच्यांना घुबडाच्या चित्राचं शुभेच्छापत्र आलं. ते वरच्यांनी पुस्तकात जपून ठेवलेलं मी पाहिलंय.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती घडली एका जानेवारीत. गावामागच्या त्या सागाच्या रानातली वाळलेली आणि पोकळ झाडं काढायचं ठरलं होतं. झाडांवर खुणासुद्धा झाल्या होत्या, होळीच्या आत तोड व्हायची होती. वरच्यांनी लहानपणी पाहिलेला पक्षी तिथे अजून असेल तर तो त्याच ढोल्यांत राहणार, आणि ढोल्याच गेल्या तर तोही जाणार. तिथल्या वनखात्याच्या साहेबांना वरच्यांनी पत्र लिहिलं. साहेब सज्जन निघाले. म्हणाले, तुमच्या आठवणीवर मी झाडं ठेवू शकत नाही, पण पक्षी आज तिथे आहे याचा पुरावा द्या, मी शब्द टाकतो. वरच्यांच्या आतेभावानं मग झाडांवर आवाज टिपणारी छोटी यंत्रं बांधली. रोज सकाळचं रान त्यात भरायचं, आणि ते बेस्टला येऊन पडायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण ऐकायचं कुणी? वरच्यांनी आधी कॉम्प्युटरला ऐकायला लावलं. त्या बिचाऱ्यानं हा पक्षी कधी पुरेसा ऐकलेलाच नव्हता. परीक्षा म्हणून स्वयंपाकघरातला आवाज दिला, तर त्यानं कुकरच्या शिट्टीला रानपिंगळा ठरवलं.

तेव्हा माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचं फोनवरून साखळी पारायण चालायचं. सातारा, ठाणे, न्यू जर्सी, बेस्ट, सगळ्या बायकांनी पोथीचा एकेक अध्याय वाटून घ्यायचा आणि एका दिवसात अख्खी पोथी पूर्ण. वरचे साखर मागायला आले होते, ते दारातच थांबले. पद्धत नीट विचारून घेतली. म्हणाले, “मावशी, पोथी तुमची तुम्हाला. मला फक्त ही सिस्टिम द्या.” आणि आठवड्याभरात बेस्ट आणि आयंडहोवनमधल्या चौदा मराठी घरांत रानाचे तास वाटले गेले. फाइल फोनवर पाठवली तर लोक ऐकत नाहीत, हे वरचे जाणून होते. म्हणून ती स्टीलच्या डब्यातून यायची. खालच्या कप्प्यात भरली वांगी, वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पेन ड्राइव्ह आणि एक कागद. कागदावर दोनच रकाने, ‘कितव्या मिनिटाला’ आणि ‘काय ऐकलं’. सासूबाईंनी मात्र भाग घ्यायला साफ नकार दिला. “सकाळच्या पारी कानात घुबड? मी नाही बाई.” वांगी त्यांनी दोनदा घेतली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामं भांडं कुणाच्या हातात ठेवू नये. माझ्या वाट्याला एक तास आला होता. मी पंधरा-वीस मिनिटं ऐकलं. तेवढ्यात लेकीला ताप भरला, मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट, मग ‘पॅरासिटामोल द्या आणि वाट बघा’ हा इथला कायमचा उपदेश. डबा परत द्यायची वेळ आली. मी खालच्या कप्प्यात रव्याचे लाडू भरले आणि वरच्या कप्प्यातला कोरा कागद बघून थबकले. एवढी वांगी खाल्ली, आणि आता लिहायचं काय, तर काही नाही? खाल्ल्या वांग्याला जागायला नको? मी पेन उचललं आणि लिहिलं, ‘सतराव्या मिनिटाला, दोनदा, स्पष्ट.’ मला अगदी साखर घातल्याचं समाधान वाटलं.

तीन दिवसांनी वरचे घरी केलेले पेढे घेऊन आले. चेहरा असा की मी तो आधी कधी पाहिलेला नव्हता. चौदापैकी चौदा घरांत रानपिंगळा आला होता! कुणाकडे चारदा, कुणाकडे सव्वीसदा. एका घरानं लिहिलं होतं, ‘आले होते, छान गायले.’ “मी सगळ्यांचे कागद मांडून बसलोय, वहिनी. सोमवारी रिपोर्ट साहेबांना जातो.” माझ्या तोंडातला पेढा मी न चावताच गिळला. मी एकटीच लबाड असते तर निभावलं असतं. पण त्या ‘छान गायले’वरून मला कळून चुकलं की चौदाही घरांनी डब्यात साखर घातली आहे.

रविवारी दहा वाजता, प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आत, मी वर गेले. रानपिंगळा भिंतीवरून बघत होता. मी सगळं सांगून टाकलं. वांगी, लाडू, ताप, सतरावं मिनिट. वरच्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर उठून मला पाणी आणून दिलं. मग म्हणाले, “माझंच चुकलं. कागद मला डब्यात नव्हता द्यायचा.” ग्लास परत घेत म्हणाले, “वहिनी, साहेब माझ्या शब्दावर माणसं पाठवतील. तिथं पक्षी नाही दिसला, तर पुढच्या वेळी खरा असला तरी कोणी येणार नाही. हा एकदा पुस्तकात मेलाय. दुसऱ्यांदा माझ्या रिपोर्टमुळे मरायला नको ना जी.” मी म्हटलं, पण मग कागद कोरा कसा द्यायचा? त्यावर ते चक्क हसले. “कोरा म्हणजे वाया गेला असं थोडीच आहे? या तासाला तो इथं नव्हता, हे पण कोणाला तरी सांगावंच लागते. तुम्ही तासभर बसून काहीच नाही ऐकलं, तर ते काहीच-नाही माझ्या कामाचं आहे.” मला रागावून बोलले असते तर मी इतकी खजील झाले नसते. त्याच दुपारी चौदा घरांना त्यांचा निरोप आला. दोष कुणालाच नाही, एकच ओळ, ‘कृपया या वेळी डबे रिकामे परत करावेत ही नम्र विनंती.’ बायकांत हाहाकार उडाला. दोघींनी मला फोन करून विचारलं, “वांगी आवडली नाहीत असं वाटलं का गं त्यांना?”

पण दुसऱ्या फेरीला सगळे खरोखर ऐकायला बसले, आणि त्या फेरीबद्दल मी वरच्यांची जन्माची ऋणी आहे. जानेवारीत इथे सकाळी नऊपर्यंत उजाडत नाही. नवरा ऑफिसला, लेक शाळेत. ती घरी आली तरी माझ्या मराठी प्रश्नांना डचमध्ये उत्तरं देणार. मला या देशात येऊन दोन वर्षं झाली होती आणि मी कुणाशी काही बोलायचं विसरत चालले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही घडलंही नव्हतं. आता रोज एक तास मी कानात रान घालून बसू लागले. वाळल्या पानांवरून कुणीतरी चालत जायचं. वानरं खाकरायची. गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत जवळ यायच्या आणि लांब जायच्या. एकदा एक बाई कुणाला तरी ‘अवं ये नाऽ’ अशी हाक मारत गेली, आणि मी बेस्टच्या सोफ्यावर बसून हुंदके देऊन रडले. कागदावर प्रामाणिकपणे लिहिलं, ‘बाविसाव्या मिनिटाला एक बाई.’ वरच्यांनी त्याखाली पेन्सिलनं लिहून पाठवलं, ‘ती माझी काकू असावी. आभारी आहे.’

कागद येत गेले आणि सगळे कोरेच. तेरा घरं झाली, रानपिंगळा कुठेच नाही. वरचे रोज ‘आभारी आहे’ म्हणायचे, पण लिफ्टमधलं हसू कमी झालं होतं. राहिली होती फक्त माझी जुनी फाइल, तापाच्या दिवसातली, अर्धवट सोडलेली. त्या सकाळी मला लेकीच्या शाळेतून बोलावणं आलं आणि मी निघताना सासूबाईंना हात जोडले, आई, एवढा एक तास. त्या कुरकुरत बसल्या, पुढ्यात मेथीची जुडी, डोक्यावर नवऱ्याचे भलेमोठे हेडफोन. मी परतून दार उघडते तो काय, सासूबाई झाडूच्या दांड्यानं छत बडवतायत! “अहो वरचे! आज काय रविवार आहे का? मला ऐकू द्याल की नाही!” दोन मिनिटांत वरचे जिन्यानं खाली. त्या दिवशी घरूनच काम करत होते, हातात चहाचा कप. “मावशी, काय झालं जी?” “काय झालं काय? इकडे मी तुमचं काम करतेय आणि तुम्ही वर ऊ-ऊव, ऊ-ऊव!” वरचे म्हणाले, “मी तर मीटिंगमध्ये होतो.”

सासूबाईंनी हेडफोन काढून हातात घेतले आणि त्यांच्याकडे पाहिलं. वरच्यांनी कप टीव्हीवर ठेवायचा प्रयत्न केला, तो भिंतीवरचा सपाट टीव्ही, कप पडला आणि फुटला. त्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. ते मेथीच्या काड्यांमध्ये फतकल मारून बसले, हेडफोन लावले आणि फाइल थोडी मागे नेली. एकेचाळिसावं मिनिट. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले. एक बोट वर केलं, मग दुसरं, तिसरं, चौथं. चारदा बोलला तो. मी सतराव्या मिनिटाला खोटा लिहिला होता, आणि त्याच फाइलमध्ये, मी जिथे सोडलं त्याच्या पुढे, तो खरा बसलेला होता. वरच्यांनी सासूबाईंच्या पायांना हात लावला. त्या घाईघाईनं म्हणाल्या, “अहो असू द्या, असू द्या. आवाज काही वाईट नाही हो त्याचा. तुमच्यापेक्षा बराय.”

रिपोर्टमध्ये त्यांनी एकच नोंद पाठवली आणि सोबत तेरा घरांचे आणि माझेही कोरे कागद, ‘एक बाई’सकट. साहेबांचं उत्तर आलं की एवढे ‘नाही’ लिहिणारी माणसं एकदा ‘आहे’ म्हणतात, तेव्हा तपासायला जायलाच हवं. माणसं गेली, त्यांना फांदीवर शेपटी झटकणारी एक जोडी दिसली. ढोल्यांच्या झाडांवरच्या खुणांवर चुना फासला गेला. निदान त्या वर्षी तरी. पुढच्या वर्षीची काळजी कुणी करायची, यावर वरच्यांनी जास्त विचार केला नाही. इथली नोकरी सोडली आणि गावी गेले. आता तिथल्या शाळांमधून मुलांना ऐकायला शिकवत हिंडतात म्हणे. सकाळी, दिवसाउजेडी, अंगणात बसून, काहीच न बोलता.

आता वरच्या मजल्यावर एक डच जोडपं राहतं. फार चांगली माणसं आहेत, त्यांचा आवाज म्हणून येत नाही. रविवारी दहा वाजता नवरा अजून चहाचा कप धरून जरासा वर बघतो, मग खाली बघून पेपर वाचतो. जायच्या दिवशी वरच्यांनी दिलेला शेवटचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. खालच्या कप्प्यात जवसाची चटणी होती, ती संपून कितीतरी दिवस झाले. या डिसेंबरात आम्ही अमरावतीला लग्नाला जाणार आहोत, तिथून त्यांचं गाव काही फार लांब नाही. डबा मी सगळ्यात आधी बॅगेत ठेवला. त्यात काय घालावं यावर महिनाभर विचार केला, इथली बिस्किटं, चीज, रव्याचे लाडू, काहीच मनाला येईना. शेवटी ठरवलं की रिकामाच द्यायचा. रिकामा डबा हातात ठेवताना मला लाज वाटणार नाही असा माझ्या ओळखीत हा एवढा एकच माणूस आहे. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं. त्याही लग्नाला येणार आहेत. म्हणाल्या, “दे हो रिकामा. त्यांना चालेल. फक्त झाकण लावायच्या आधी मला एकदा हाक मार. चिमूटभर साखरेनं काही डबा भरत नाही.”